त्याला आपण चाललो नसतो, आपल्याला तो चालेल?

'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये आभाळभर पसरलेला, कोळ्यासारखे लांब पाय असलेला तो माइंड फ्लेअर आठवतोय? किंवा 'ब्लडबोर्न' खेळताना अर्ध्या वाटेवर कळतं की, आपण ज्यांच्याशी लढतोय ती साधी भुतं नाहीत, आपल्याला कवेतच घेता येणार नाही असं काहीतरी आहे, तो क्षण? मग एच. पी. लव्हक्राफ्टची एकही ओळ न वाचता तुम्ही त्याच्या जगात फिरून आलायत.

इतकं लांब जायलाही नको. नारायण धारपांच्या भयकथांवर लव्हक्राफ्टची सावली आहे, हे त्यांचे वाचक वर्षानुवर्षं बोलत आलेत. आणि 'तुंबाड'ची मुळं धारपांच्या कथेत आहेत, हे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच सांगितलंय. म्हणजे अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातल्या या माणसाचा धागा फिरत फिरत कोकणातल्या त्या पावसाळी वाड्यापर्यंत येतो.

आता दुसरी गोष्ट. हा माणूस कट्टर वर्णद्वेषी होता. 'थोडासा जुन्या वळणाचा' वगैरे नाही. कट्टर.

मग करायचं काय? इन्स्टावर उत्तरं दोनच मिळतात. एक, 'तो जमानाच तसा होता, सोडा ना!' दोन, 'असल्या माणसाला वाचायचंच कशाला?' मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. लव्हक्राफ्ट वाचावा, आवडला तर बिनधास्त आवडू द्यावा, पण त्याची वकिली करू नये, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

आधी त्याचं देणं

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टचा जन्म १८९०चा, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातला. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. ते तिथेच गेले. पुढे आईही त्याच रुग्णालयात दाखल झाली आणि १९२१ मध्ये तिथेच वारली. याचं शालेय शिक्षणही पूर्ण झालं नाही. कथा छापून यायच्या त्या 'विअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त कागदावरच्या मासिकांत. हयातीत त्याच्या कथेचं म्हणावं असं एकच पुस्तक निघालं, तेही अगदी कमी प्रतींचं. १९३७ मध्ये आतड्याच्या कॅन्सरनं तो गेला. वय ४६.

अशा माणसानं भयकथेचं गणितच बदलून टाकलं. कसं, ते समजायला आपल्या भुतांकडे बघा. मुंजा असो, हडळ असो, पिंपळावरचा वेताळ असो, आपल्या भुताला कारण असतं. कुणाची इच्छा राहून गेलेली असते, कुणावर अन्याय झालेला असतो. कारण असतं म्हणून उपायही असतो. नारळ, लिंबू, मंत्र, नाहीतर धारपांच्या कथेतल्या 'समर्थां'सारखा कुणी वाचवायला येणारा. म्हणजे भुताच्या गोष्टीत माणूस महत्त्वाचा असतो. भुताला निदान आपल्याशी काहीतरी देणंघेणं असतं.

लव्हक्राफ्टकडे तेच नाही. त्याची १९२७ मध्ये छापून आलेली 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही कथा घ्या. एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. तिच्यात एक रंग असतो. कुठला? माणसाकडे त्या रंगाला नावच नाही. मग शेतात फळं भरघोस लागतात, पण तोंडात घालवत नाहीत इतकी कडू. जनावरं बिघडतात. झाडं वारा नसताना हलतात. एकेक करून घरातली माणसं खंगत जातात आणि शेवटी सगळा परिसर राख होऊन पडतो. कुणी शाप दिलेला नसतो. शेतकऱ्याचा काही गुन्हा नसतो. जे आलं त्याला ही माणसं आहेत की गवत, याच्याशीही कर्तव्य नसतं.

ही भीती आपल्या पिढीला चांगलीच ओळखीची आहे. नळाच्या पाण्यात काय आहे, हवेत काय आहे, दिसत नाही पण आत जातंय, आणि कुणावर राग काढावा तेही कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं त्या भीतीला कथेत बसवून ठेवलं. विश्व आपल्या बाजूचं नाही आणि आपल्या विरुद्धही नाही, त्याला आपण माहीतच नाही, हा विचार रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या गच्चीवर आभाळाकडे बघताना तुम्हालाही कधीतरी चाटून गेला असेल. लव्हक्राफ्ट त्या विचाराचा लेखक आहे.

शिवाय हा माणूस आपलं जग वाटून टाकणारा होता. त्याचे देव, त्याचं 'नेक्रोनॉमिकॉन' नावाचं काल्पनिक पुस्तक, हे सगळं तो मित्र-लेखकांना खुशाल वापरू द्यायचा. त्यानं लिहिलेली पत्रं किती? काही अंदाज लाखापर्यंत जातात. नवख्या पोरांना तो पानंच्या पानं उत्तरं लिहायचा. आज ज्याला आपण 'शेअर्ड युनिव्हर्स' म्हणतो ते त्यानं पोस्टाच्या पाकिटांतून उभं केलं.

आता त्याचं दुसरं तोंड

१९१२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं कृष्णवर्णीयांवर एक कविता लिहिली. माणूस आणि पशू यांच्या मधला प्राणी म्हणजे हे लोक, असं तिचं सार. तिच्या शीर्षकातच ती शिवी आहे. 'द रॅट्स इन द वॉल्स' या गाजलेल्या कथेत मांजराच्या नावातही तीच शिवी आहे. पत्रांमध्ये तर काही लपवलेलंच नाही. ज्यू, इटालियन, पोलिश, चिनी, कृष्णवर्णीय, कुणीच सुटत नाही.

१९२४ मध्ये तो लग्न करून न्यूयॉर्कला गेला. बायको कोण? सोनिया ग्रीन. युक्रेनमध्ये जन्मलेली, स्थलांतरित ज्यू स्त्री! ती कमावती, कर्तबगार. याला मात्र तिथे नोकरी मिळेना. रस्त्यावरची नाना देशांतली गर्दी पाहून त्याचा कसा संताप व्हायचा, हे तिनं पुढे आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. तो संताप त्यानं 'द हॉरर अॅट रेड हुक' या कथेत ओतला. ब्रुकलिनमधली स्थलांतरितांची वस्ती म्हणजे सैतानी पंथाचा अड्डा, एवढंच त्या कथेला सांगायचं आहे. कथा म्हणूनही ती फसलेली आहे.

आणि आता जरा जवळ येऊ. त्याची सगळ्यात प्रसिद्ध कथा, 'द कॉल ऑफ क्थुलू', १९२८ मध्ये आली. त्यात क्थुलूला प्रत्यक्ष पाहिलेला एक नॉर्वेजियन खलाशी कसाबसा जिवंत परततो. पुढे गोथेनबर्गच्या बंदराजवळच्या एका गल्लीत त्याच्या अंगावर वरून कागदांचा गठ्ठा पडतो. त्याला उठवायला दोन 'लास्कर' खलाशी धावतात, आणि काही मिनिटांत तो मेलेला असतो. त्यांनीच मारलं, हे वाचकानं ओळखायचं.

हे लास्कर कोण, माहितीये? युरोपियन जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. सिल्हेटचे, गुजरातचे, आणि आपल्या रत्नागिरीचे, गोव्याचेही. आमचे पणजोबा 'बोटीवर' होते असं कोकणात आजही अनेक घरांत सांगतात ना, तीच माणसं. बॉयलरपुढे कोळसा ओढणारी, घरी मनीऑर्डर पाठवणारी. लव्हक्राफ्टच्या कथेत त्यांना नाव नाही, संवाद नाही. तपकिरी कातडी आहे, म्हणजे खुनी असणार, एवढाच त्यांचा रोल.

म्हणून 'त्याच्या विचारांशी आपल्याला काय करायचंय' असं आपण इथे बसून म्हणू शकत नाही. त्या गल्लीत आपण आहोत. त्यानं तुम्हाला किंवा मला घरी चहाला बोलावलं नसतं.

'जमानाच तसा होता' हे खरं का?

अर्धं खरं. १९२४ मध्येच अमेरिकेनं पूर्व आणि दक्षिण युरोपातल्या लोकांना रोखणारा, आशियाई लोकांना जवळजवळ दार बंद करणारा कायदा केला होता. वंशाच्या शुद्धतेच्या गप्पा विद्यापीठांत चालायच्या. हवा खराब होती, मान्य.

पण त्याच हवेत दुसरी माणसंही श्वास घेत होती. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञानं वंशाच्या उच्च-नीच कल्पना खोडून काढणारं पुस्तक १९११ मध्ये लिहिलं होतं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' तर १९०३चं. लव्हक्राफ्ट ब्रुकलिनमध्ये बसून चरफडत होता, तेव्हा त्याच शहरातल्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय लेखक, गायक, चित्रकार यांचा बहर चालू होता. ट्रेननं जाता आलं असतं.

आणि त्याला कुणी सांगितलंच नाही असंही नाही. १९१५ मध्ये हौशी नियतकालिकांतल्या वादात त्याच्या वंशाबद्दलच्या मतांना चार्ल्स आयझॅकसन आणि जेम्स मॉर्टन यांनी छापील उत्तर दिलं होतं. मॉर्टननं तर वंशद्वेषाविरुद्ध पुस्तिकाच लिहिली होती. पुढे हाच मॉर्टन त्याचा जवळचा मित्र झाला! शेवटच्या वर्षांत लव्हक्राफ्टची राजकीय मतं बदलली, तो रूझवेल्टच्या 'न्यू डील'च्या बाजूनं बोलू लागला. म्हणजे मत बदलणं त्याला जमत होतं. वंशाबद्दलचं मात्र मुळापासून बदललं नाही. 'जमाना तसा होता' म्हणताना आपण त्या जमान्यातल्या मॉर्टनवर अन्याय करतो.

'लेखक वेगळा, लेखन वेगळं' असं करता येईल?

हा आपल्या वर्गांमधला लाडका तोडगा. काही लेखकांच्या बाबतीत चालतही असेल. लव्हक्राफ्टच्या बाबतीत चालत नाही, कारण त्याची भीती आणि त्याचा द्वेष एकाच विहिरीतून येतात. अनोळखी काहीतरी येईल, आपल्यात मिसळेल आणि आपण आपण राहणार नाही, ही ती भीती. ती आभाळाकडे वळली की 'द कलर आउट ऑफ स्पेस' होते. शेजारच्या गल्लीकडे वळली की 'रेड हुक' होते.

पण गंमत अशी की, त्याच्या उत्तम कथा त्याचंच ऐकत नाहीत. 'द शॅडो ओव्हर इन्स्मथ' बघा. एक तरुण एका पडक्या बंदरगावात जातो. तिथल्या लोकांचे चेहरे माशांसारखे होत चाललेत, कारण त्यांच्या पूर्वजांनी समुद्रातल्या जिवांशी सोयरीक केली. रक्त मिसळण्याची भीती, अगदी उघड. तरुण जीव घेऊन पळतो. पण नंतर त्याला कळतं की आपल्या पणजीचं रक्त त्यांचंच. आरशात आपलाही चेहरा बदलतोय. आणि शेवटी तो घाबरणं सोडून देतो, समुद्राकडे, आपल्या माणसांकडे जायचं ठरवतो. ज्याचे आई-वडील दोघंही मनोरुग्णालयात गेले, त्या लेखकाला आपल्या रक्तात काय आहे याची धास्ती वाटत नसेल? दुसऱ्यांकडे रोखलेलं बोट इथे वळून त्याच्याच छातीवर येतं. म्हणून ही कथा 'रेड हुक'सारखी मरत नाही.

दुसरं उदाहरण 'अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली शास्त्रज्ञांना कोट्यवधी वर्षं जुने परग्रहवासी सापडतात. पिंपासारखं अंग, चांदणीसारखं डोकं. त्यांनी माणसं मारलेली असतात. तरीही त्यांची भित्तिशिल्पं, त्यांचा इतिहास, त्यांचं कुतूहल बघून निवेदकाला वाटतं की, हेही आपल्यासारखे संशोधकच, हीही माणसंच. वाचताना खरंच गलबलून येतं. आणि पुढच्याच क्षणी डोक्यात येतं, अरे बाबा, पिंपाच्या आकाराच्या परग्रहवासीयांत तुला माणूस दिसला, आणि ब्रुकलिनमधल्या शेजाऱ्यात नाही दिसला? त्यातही या परग्रहवासीयांनी गुलाम पाळलेले असतात, 'शॉगॉथ'. ते बंड करतात. कथेची सगळी सहानुभूती मालकांच्या बाजूनं आणि सगळा थरकाप गुलामांच्या बंडाचा!

हे लक्षात घेऊन वाचलं की कथा लहान होत नाही. उलट तिच्यात दोन भीती दिसायला लागतात. एक जी लेखकाला दाखवायची होती, आणि एक जी त्याच्याकडून दिसून गेली.

पुतळा हलवा, पुस्तक ठेवा

आता 'वाचायचंच कशाला' वाल्यांकडे येऊ. त्यांच्या रागाचा मला आदर आहे. कुणाला ती शिवी वाचायचीच नसेल, तर 'पण वर्ल्ड-बिल्डिंग काय भारी आहे' म्हणत त्याच्या मागे लागू नका. न वाचणं हाही वाचकाचा हक्क आहे.

पण आपण दोन गोष्टींची गल्लत करतो: वाचणं आणि पूजणं. याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'वर्ल्ड फॅन्टसी अॅवॉर्ड'. १९७५ पासून या पुरस्काराची ट्रॉफी म्हणजे लव्हक्राफ्टचं डोकं होतं. २०११ मध्ये ते नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांना मिळालं. मग १९१२ची ती कविता त्यांच्यासमोर आली. विचार करा, तुमच्या आयुष्यातला मोठा सन्मान, आणि शोकेसमध्ये ठेवायचं काय? तुम्हाला माणूस न मानणाऱ्याचं मुंडकं. त्यांनी हे जाहीरपणे लिहिलं. वाद झाला, याचिका निघाली आणि २०१५ मध्ये तो पुतळा बंद करायचं ठरलं. नंतरची ट्रॉफी चंद्राभोवती वळलेल्या झाडाची आहे.

या निर्णयावर सर्वात जास्त चिडलेल्यांपैकी एक होते एस. टी. जोशी. लव्हक्राफ्टचे जगातले सर्वात मोठे अभ्यासक आणि चरित्रकार. पूर्ण नाव सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म पुण्याचा, लहानपणीच अमेरिकेत गेलेले. त्यांनी स्वतःला मिळालेले हे पुरस्कार परत करून टाकले. स्वस्त मासिकांत हरवून गेला असता अशा लेखकाच्या संहिता तपासून, शुद्ध करून जगापुढे आणण्यात जोशींचा वाटा फार मोठा. ज्या लेखकानं भारतीय खलाशांना बिननावाचे मारेकरी केलं, त्याला अभ्यासकांच्या टेबलावर मानाचं पान मिळवून दिलं ते पुण्यात जन्मलेल्या माणसानं! जोशींचं काम बघून थक्क व्हायला होतं. पुतळ्याच्या बाबतीत मात्र मी ओकोराफोर यांच्या बाजूनं आहे.

कारण पुतळा चर्चा करत नाही. तो फक्त म्हणतो, नमस्कार कर. पुस्तक मात्र तुम्हाला भांडू देतं. आपल्याला महाराष्ट्रात हे वेगळं सांगायला नको. माणूस आवडला की आपण थेट चौथऱ्यावर चढवतो, आणि मग त्याच्याबद्दल प्रश्न विचारणंच अवघड होऊन बसतं. लव्हक्राफ्ट चौथऱ्यावरून उतरला म्हणून त्याची एकही कथा गायब झाली नाही. उलट आता त्याच्याशी समोरासमोर बोलता येतं.

आणि बोललेत लोक. व्हिक्टर लावॅल या कृष्णवर्णीय लेखकानं २०१६ मध्ये 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहिली. ती 'रेड हुक'चीच गोष्ट आहे, पण हार्लेममधल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूनं. वाचून झाल्यावर प्रश्न पडतो की, पोलिसाच्या गोळीपेक्षा क्थुलू जास्त भयानक कसा? रुथाना एम्रिस यांनी 'विंटर टाइड'मध्ये इन्स्मथच्या लोकांना बोलतं केलं. एन. के. जेमिसिन यांनी 'द सिटी वुई बिकेम'मध्ये लव्हक्राफ्टला ज्याची किळस वाटायची तेच मिसळलेलं न्यूयॉर्क नायक केलं. या सगळ्यांनी त्याला आधी नीट वाचला आहे. त्याची हत्यारं घेतली आणि त्याच्याच भिंतीवर चालवली. न वाचता हे उत्तर देता आलं नसतं.

तर, सुरुवात कुठून?

त्याच्या मूळ कथा आपल्याकडे कॉपीराइटमुक्त आहेत, म्हणजे खिशाला चाट नाही. 'द कलर आउट ऑफ स्पेस'नं सुरू करा. मग 'इन्स्मथ'. भाषा जड आहे, विशेषणांचा पाऊस आहे, पहिली दहा पानं दमवतील. 'रेड हुक' वाचलीत तर त्याच आठवड्यात 'ब्लॅक टॉम'ही वाचा. धारप आवडत असतील तर दोघांना शेजारी ठेवून बघा, कोण काय घेतो आणि काय नाकारतो ते.

आणि मधे घाण लागली की पान उलटून पुढे पळू नका. तिथे थांबा. हा इतका घाबरलाय तो कुणाला, आणि का, असं विचारा. मग तोच प्रश्न जरा आपल्या आसपास फिरवून बघा: सोसायटीच्या ग्रुपवर 'ते लोक' म्हणून येणारे मेसेज, भाड्यानं घर देताना आडनाव विचारणं, बाहेरून आलेल्यांमुळे शहर बिघडलं ही कुरकुर. लव्हक्राफ्टनं राक्षस कल्पनेतून काढले. त्याची भीती मात्र अजून आपल्याच जिन्यात राहते.

आवडत्या लेखकाला निर्दोष ठरवायची जबाबदारी वाचकावर नसते. ती तुम्ही घेतलीत, तर तुम्ही फॅन राहत नाही, वकील होता. आणि वकिलाला गोष्ट ऐकायला वेळ नसतो.